वधाशिवायचं आख्यान

शेतातल्या बुजगावण्यासारखं एक धड उभं केलंय आणि डोक्याच्या जागी ठेवलंय कलिंगड. हा अग्निराष्ट्राचा राजा ओझाई, असं समजायचं. खरी लढाई तीन दिवसांवर आली आहे, म्हणून मित्रमंडळी समुद्रकाठी रंगीत तालीम करताहेत. प्रत्येकाला काम वाटून दिलंय. शेवटचा घाव घालायचा तो बारा वर्षांच्या आंगने. तो झेप घेतो, काठी उगारतो आणि कलिंगडापासून वीतभर अंतरावर थांबतो. जमत नाही म्हणतो. मग सॉका नावाचा त्याचा मित्र पुढे येतो, तलवारीने कलिंगडाची दोन शकलं करतो आणि झालं काम असा चेहरा करतो. मोमो हे त्यांचं पंखवालं जनावर लगेच त्यातला तुकडा खायला बसतं.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेतला हा प्रसंग. मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या जोडीने ती रचली. २१ फेब्रुवारी २००५ ला ती निकलोडियनवर सुरू झाली आणि १९ जुलै २००८ ला संपली. एकूण ६१ भाग. जगात चार राष्ट्रं आहेत: जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू. त्या त्या राष्ट्रातल्या काही माणसांना आपलं तत्त्व अंगाच्या हालचालींनी वळवता येतं. चारही तत्त्वं वळवतो तो एकटा अवतार, आणि तो मेला की पुढच्या राष्ट्रात पुन्हा जन्म घेतो. आंग हा वायुपंथी भिक्षूंच्या मठात वाढलेला अवतार. शंभर वर्षं बर्फात गोठून पडला होता. जागा होतो तेव्हा त्याचे सगळे लोक अग्निराष्ट्राने मारून टाकलेले असतात. आता ओझाईला थांबवायचं काम त्याच्यावर येतं, आणि थांबवायचं म्हणजे मारायचं, याबद्दल त्याच्याखेरीज कुणाला शंका नसते.

आमच्या तारकर्लीत पोरं ही मालिका मोबाईलवर बघतात ती पावसाळ्यात. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद, स्कूबावाल्यांचं सामान गुंडाळलेलं, पर्यटक नाहीत, बाहेर धो धो पाऊस. शेवटचे चार भाग एका दमात संपवून शेजारचा पोरगा पडवीत आला आणि सांगून गेला, ‘काका, तेका मारूक व्हयो हुतो.’ ह्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्याकडे आख्यान असं संपतच नाही. जत्रेत रात्री उशिरा दशावतार सुरू होतो. आधी आडदशावतार, त्यात काळ्या वेषातला संकासूर मालवणीत सगळ्यांची टोपी उडवून घेतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. मग मुख्य आख्यान. पेटी-मृदंगाच्या ठेक्यावर तलवारी फिरतात, आणि पहाटे राक्षस पडला की लोक चपला शोधायला लागतात. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे, तेव्हा अफझलखानाचा वधही इथल्या पोरांना दुधाच्या दातांबरोबर मिळतो. दहा अवतारांच्या यादीत नववा बुद्ध आहे, पण त्याचं आख्यान लागलेलं मी तरी कुठल्या जत्रेत पाहिलेलं नाही. लागणार तरी कसं? त्याला मारायला राक्षसच नाही.

म्हणून ह्या मालिकेकडे मी आधी कारागिरी म्हणून बघतो. नायक मारणार नाही हे ठरवून बसायचं, समोर जग जाळायला निघालेला खलनायक ठेवायचा आणि तरी शेवट फुसका होऊ द्यायचा नाही. हे जमवायला आधीची तीन पर्वं लागली आहेत. नुसता शेवटचा भाग बघून ते कळत नाही.

सुरुवात मठापासून करायला हवी. वायुपंथीयांचे मठ उंच डोंगरांवर आहेत. भिक्षूंची मुंडन केलेली डोकी, पिवळी-भगवी वस्त्रं, ध्यान, सामुदायिक जगणं. तिबेटची छाया उघड दिसते. आंगच्या गुरूचं नाव ग्यात्सो. चौदाव्या दलाई लामांचं नाव तेन्झिन ग्यात्सो. बाळ आंगपुढे हजारो खेळणी मांडली होती आणि त्यातून त्याने नेमकी चार उचलली, ती आधीच्या अवतारांची निघाली, अशी कथा पहिल्या पर्वात येते. दलाई लामांना लहानपणी ओळखलं तेही असंच: तेराव्या लामांची माळ, डमरू, काठी दुसऱ्या तशाच वस्तूंमध्ये मिसळून ठेवली होती. रचनाकारांनी हे नुसतं सजावटीसाठी घेतलेलं नाही. आंग हा त्या मठाचा शेवटचा माणूस आहे. ग्रंथ जळले, माणसं मेली. त्या परंपरेचं जे काही उरलंय ते ह्या पोराच्या सवयींमध्ये. त्याने ओझाईला मारलं तर अग्निराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी सुरू केलेलं काम त्याच्याच हातून पुरं होईल. शेवटच्या पेचाला खरं वजन येतं ते इथून. ‘मला रक्त बघवत नाही’ एवढंच त्याचं म्हणणं असतं तर कलिंगडाच्या प्रसंगाला आपण हसून पुढे गेलो असतो.

आंग शाकाहारी आहे. ह्या मुद्द्यावर तारकर्लीत मालिका थोडा वेळ बंद पडते. ‘मगे तो मासे खाणा नाय?’ आणि त्यामागोमाग, ‘मगे आमी सगळे वायट काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देताना बौद्ध विचार बराच बारकाईने उघडावा लागतो. बौद्ध ग्रंथ मासेमारीला भला व्यवसाय म्हणत नाहीत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण भिक्षूंनी मासे-मांस वर्ज्यच करावं, ही मागणी संघातल्याच देवदत्ताने केली तेव्हा बुद्धाने ती फेटाळली. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला नसेल, ऐकला नसेल आणि तशी शंकाही नसेल, तर भिक्षेत आलेलं भिक्षूने घ्यावं, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. ताटात काय आहे यापेक्षा बौद्ध विचार मनात काय होतं याकडे अधिक बघतो. त्याला चेतना म्हणतात: कर्म म्हणजे मुळात हेतू.

हे पुस्तकातून समजायला कठीण जातं, रापणीवर समजतं. दोन्ही बाजूंनी दोर ओढत निम्मा वाडा किनाऱ्यावर असतो. जाळ्याची खोळ वाळूवर आली की आत बांगडे, तारल्या, पेडवे चमकत तडफडत असतात आणि बायका टोपल्या घेऊन वाटे करायला बसतात. त्या गर्दीत एखादा केंड असतो. तो खात नाहीत. हात लावला की फुगतो, चेंडूसारखा गोल होतो, म्हणून पोरं त्याला काडीने टोचतात, पायाने ढकलतात, आणखी फुगवतात. तेवढ्यात कुणीतरी म्हातारा रापणकर खेकसतो आणि केंड उचलून पाण्यात भिरकावतो. शेकडो बांगडे मारून आलेला माणूस एका केंडासाठी पोराच्या पाठीत धपाटा घालतो, आणि त्याला यात काही विसंगती वाटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अहिंसेवरचं जे विवेचन आहे ते या धपाट्याच्या फार जवळ जातं. बुद्धाने अहिंसेचा नियम केला नाही, तत्त्व सांगितलं, असं बाबासाहेब म्हणतात. नियम माणसाला जखडून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देतं. मारण्याची गरज असणं वेगळं आणि मारण्याची इच्छा असणं वेगळं. बुद्धाने निषेध केला तो नुसत्या इच्छेपोटी होणाऱ्या हिंसेचा. आंगसमोरचा सगळा पेच या दोन टोकांमध्ये आहे. ओझाईला मारणं ही गरज आहे, हे सगळे त्याला सांगतात. त्याचा प्रश्न एवढाच की ही गरज ठरली कधी आणि ठरवली कुणी.

हे झालं मनाचं. ॲनिमेशनमध्ये मन दाखवायचं तर ते अंगातून दाखवावं लागतं, आणि इथे मालिकेची मेहनत दिसते. चारही तत्त्वांच्या लढण्याच्या पद्धती खऱ्या चिनी युद्धकलांवरून घेतल्या आहेत. किसू नावाचे उस्ताद त्यासाठी सल्लागार होते. जलासाठी ताई ची, पृथ्वीसाठी हुंग गार, अग्नीसाठी उत्तरी शाओलिन, आणि वायूसाठी बाग्वाझांग. बाग्वाझांगमध्ये खेळाडू प्रतिस्पर्ध्याभोवती गोल चालत राहतो, त्याच्या समोर कधी उभाच राहत नाही. मूठ वळण्यापेक्षा तळहात वापरतो. अग्निवाला सरळ रेषेत, पुढे पुढे, ठोसे मारत येतो. आंग त्याच्या बाजूने निसटतो, वाऱ्याचा लोट सोडून त्याचा तोल घालवतो, त्याला त्याच्याच जोराने पडू देतो. पोरांना वाटतं तो गंमत करतोय. एखादा भाग आवाज बंद करून बघावा, फक्त पाय बघावे: सगळे पुढे जातात, आंग गोल फिरतो. संवादात अहिंसा हा शब्द यायच्या कितीतरी आधी चित्रकारांनी ती त्याच्या पावलांत घातली आहे. चित्रकार म्हणजे इथे बहुतेक दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंमधले लोक. श्रेयनामावलीत घाईने सरकून जाणाऱ्या ह्या मंडळींना मी दोन हात जोडतो.

अहिंसा हा अंगाला लावून घ्यायचा सराव आहे, हे खरं तर आमच्या किनाऱ्याला परकं नसावं. तारकर्लीच्या दक्षिणेला, वेंगुर्ल्याच्या पलीकडे शिरोड्याची मिठागरं आहेत. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. समोरून लाठी येत असताना हात वर न उचलणं हे आयत्या वेळी कुणाला सुचत नाही. त्याची तयारी आधी करावी लागते, आणि ती मारामारीच्या तालमीइतकीच कडक असते.

मात्र तयारी केली म्हणून माणूस चुकत नाही असं नव्हे, आणि मालिकेचा सर्वात प्रामाणिक भाग मला हाच वाटतो. तिसऱ्याच भागात आंग आपल्या मठात परततो तेव्हा त्याला ग्यात्सोचा सांगाडा सापडतो. भोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांचे सांगाडे पडलेले. कुणी काही बोलत नाही, पण मोठ्या माणसाला हिशोब कळतो: तो प्रेमळ, वरिष्ठ भिक्षूंच्या डोक्यावर केक फेकणारा म्हातारा मरताना एकटा मेला नाही. अहिंसा शिकवणाऱ्याचे हात शेवटी कोरडे राहिले नाहीत. मालिका हे दृश्य दाखवते आणि त्यावर एक शब्द खर्च करत नाही.

पहिल्या पर्वाच्या शेवटी आंग सागराच्या देवतेशी एकरूप होतो आणि अग्निराष्ट्राचं आरमार उधळून लावतो. त्या जहाजांवर माणसं होती. दुसऱ्या पर्वात त्याचा उडता बैल चोरीला जातो. बैलाचं नाव अप्पा, ज्यावर आमच्याकडची पोरं हमखास हसतात, कारण दर तिसऱ्या घरात एक अप्पा असतो. त्या वाळवंटातल्या भागात आंग पिसाळतो. मोमोला पळवून नेणारा गिधाडासारखा एक कीटक तो मोमो सुटल्यावरही पाठलाग करून मारतो. गरज संपलेली आहे, राग उरलेला आहे. रापणीवरच्या म्हाताऱ्याने इथे त्याला धपाटा घातला असता.

म्हणजे शेवटी ‘मी मारणार नाही’ म्हणणारा पोरगा निष्पाप नाही. आपल्या हातून काय होऊ शकतं ते त्याने पाहिलेलं आहे. हे आधीचे प्रसंग काढून टाकले तर त्याचा नकार मठात घोकलेला धडा वाटेल.

नकाराची दुसरी अडचण अशी की तो पळपुटेपणासारखा दिसतो. आंग गोठला कसा? आपण अवतार आहोत हे कळल्यावर, ग्यात्सोपासून आपल्याला तोडणार हे कानावर आल्यावर तो रात्री पळून गेला आणि वादळात सापडला. तो पळाला आणि मागे त्याचे लोक मेले. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, म्हणजे जातकांमध्ये, असा एक मुलगा आहे: काशीचा राजपुत्र तेमिय. बापाच्या मांडीवर बसून त्याने बापाला चोरांना भयंकर शिक्षा फर्मावताना ऐकलं, मागच्या जन्मी आपणही राजा होतो आणि त्यापायी नरकात पडलो होतो हे त्याला आठवलं, आणि राजा व्हावं लागू नये म्हणून तो सोळा वर्षं मुका, बहिरा, पांगळा असल्याचं सोंग घेऊन पडून राहिला. आगीजवळ नेलं, हलला नाही. सत्तेतली हिंसा नको म्हणून सत्ताच टाळायची.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाचीही रूढ गोष्ट अशीच रात्री गुपचूप निघून जाण्याची आहे, आणि ती मराठीत दोन माणसांना पटली नाही. एक आपल्या शेजारचे, गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून कुणी एका रात्रीत घर सोडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि त्यासाठी उपसली जाणारी शस्त्रं यांत त्यांनी कारण शोधलं. ‘बोधिसत्त्व’ या नाटकात त्यांनी हाच तरुण सिद्धार्थ रंगमंचावर आणला. स्वतः कोसंबी मिठाच्या सत्याग्रहात उतरले होते, तेव्हा हा त्यांच्यासाठी केवळ इतिहासाचा वाद नव्हता. दुसरे बाबासाहेब. त्यांच्या ग्रंथात शाक्य संघाची सभा भरते, सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, आणि सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो: दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसं निवडा, त्यांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. ठराव त्याच्याविरुद्ध जातो. तेव्हा त्याच्यापुढे पर्याय राहतात ते सैन्यात भरती होण्याचे, फाशी किंवा हद्दपारी पत्करण्याचे, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ओढवून घेण्याचे. तो हद्दपारी घेतो. नकार भर सभेत दिलेला, आणि त्याचा दंड स्वतः भरलेला. आंग पळाला तेव्हा दंड दुसऱ्यांनी भरला. ओझाईसमोर तो उभा राहतो तेव्हा स्वतःचा जीव पणाला लावून. तीन पर्वांत मालिकेने त्याला या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणलं आहे.

शेवटाच्या जरा आधी आंगची मैत्रीण कटारा हिची गोष्ट येते. तिच्या आईला मारणारा सैनिक सापडतो. आंग तिला क्षमा कर म्हणतो. झुको, म्हणजे ओझाईचाच बंडखोर मुलगा, त्याची टिंगल करतो. कटारा त्या माणसासमोर जाते. पाऊस पडत असतो. ती पावसाचे थेंब हवेत थांबवते, त्यांचे टोकदार बर्फाचे सुळे करून सोडते आणि त्याच्या चेहऱ्यापाशी अडवते. मारत नाही. पण माफही करत नाही, आणि तसं स्पष्ट सांगते. झुको कबूल करतो की आंगचं बरोबर होतं, आणि लगेच विचारतो: मग माझ्या बापासमोर काय करशील? भाग तिथेच संपतो. आंगकडे उत्तर नसतं.

उत्तरासाठी तो आपल्याच पूर्वजन्मांना विचारतो. हा भाग मी पोरांना थांबवून थांबवून दाखवतो, कारण लेखकांनी इथे नायकाची सगळी पळवाटांची दारं एकेक करून लावली आहेत. रोकू सांगतो, निर्णायक वाग, मी ढिला राहिलो म्हणून युद्ध झालं. क्योशी सांगते, न्यायानेच शांती येते. कुरुक सांगतो, स्वतःचं आणि जगाचं नशीब तूच घडव. मग आंग यांगचेनला बोलावतो. ती वायुपंथीच, त्याच पंथाची शिकवण घेतलेली. ही तरी आपल्या बाजूने बोलेल अशी त्याला आशा असते. ती म्हणते, जीव पवित्र आहे हे खरं, पण अवतार जगापासून अलिप्त राहू शकत नाही. जगासाठी स्वतःची आध्यात्मिक गरज सोडावी लागली तर सोड.

यांगचेनचं हे बोलणं बौद्ध परंपरेला सोडून आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. उपायकौशल्य सूत्रात एका तांडेलाची गोष्ट आहे. महाकरुणिक नावाचा तांडेल पाचशे व्यापाऱ्यांना घेऊन समुद्रावर असतो. नावेत एक लुटारू आहे आणि तो सगळ्यांना मारणार आहे, हे त्याला स्वप्नात कळतं. सात दिवस तो विचार करतो. गप्प बसलो तर पाचशे जीव जातील आणि लुटारू कल्पांतापर्यंत नरकात कुजेल. व्यापाऱ्यांना सांगितलं तर ते रागाने त्याला मारतील आणि पाप त्यांच्या माथी येईल. उरलो मी. तो स्वतः लुटारूला मारतो आणि नरक लागला तर मला लागो म्हणतो. लुटारूबद्दलही त्याच्या मनात करुणा आहे. यांगचेन आंगला तांडेल व्हायला सांगते आहे.

आणि क्योशीला पाठिंबा हवा असेल तर तोही मराठी वाचकाच्या घरात आहे. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बाबासाहेब वैशालीच्या सिंह सेनापतीचा प्रश्न सांगतात: अपराध्याला शिक्षा करणं, घरादाराच्या रक्षणासाठी लढणं, हेही बुद्ध निषिद्ध मानतात का? बाबासाहेबांच्या मांडणीत उत्तर नाही असं येतं. बुद्ध हिंसेच्या विरुद्ध होते, पण न्यायाच्या बाजूने होते, आणि न्यायाला बळ लागलं तर त्याला त्यांची मनाई नव्हती; शांततेचे सगळे मार्ग संपल्यावरच्या लढ्याचा दोष लढा सुरू करणाऱ्याकडे जातो. आमच्या पडवीतला तो पोरगा या पंगतीत बसू शकतो. त्याचं मत अडाणी नाही.

मग आंग चौघांनाही नाही म्हणतो ते कशाच्या जोरावर? इथे मालिका सिंहकासव आणते: बेटाएवढं, पाठीवर जंगल वागवणारं आदिम जनावर. ते आंगला एक विद्या देतं, माणसाच्या आतली ऊर्जाच वळवण्याची. ही सोय शेवटी ऐनवेळी आणली, असा आरोप गेली कित्येक वर्षं होतोय. दुसऱ्या पर्वातल्या ग्रंथालयाच्या भागात सिंहकासवाचं चित्र दिसून जातं, हे त्यावरचं उत्तर मला थिटं वाटतं. खरी लबाडी दुसरीकडे आहे. आंगची अवतार-अवस्था, म्हणजे सगळ्या पूर्वजन्मांची ताकद एकवटण्याची अवस्था, एका जखमेमुळे बंद पडली होती, आणि लढाईत पाठीवरच्या त्या व्रणावर खडकाचं टोक नेमकं लागतं म्हणून ती पुन्हा उघडते. त्याआधी पथिक नावाच्या गुरूने त्याला सात चक्रांची साधना शिकवली होती, जी बौद्ध कमी आणि आपल्या योगमार्गाची जास्त आहे; कटाराविषयीची आसक्ती सुटत नाही म्हणून शेवटचं चक्र अडलं होतं. एवढी मांडणी करून किल्ली दिली दगडाच्या हाती.

पण निर्णय दगडाने घेतलेला नाही. तो घेतला जातो दोनदा, आणि दोन्ही वेळा आंगच्या हातात मारण्याचं साधन तयार असताना. पहिल्यांदा ओझाई त्याच्यावर वीज सोडतो. ती अंगातून फिरवून परत फेकायची युक्ती आंगला येते. वीज त्याच्या बोटांच्या टोकाशी आलेली असते, ओझाई समोर हतबल असतो. आंग क्षणभर त्याच्याकडे बघतो आणि बोटं आकाशाकडे वळवतो. तेव्हा त्याला अवतार-अवस्था मिळालेली नाही, जिंकण्याची खात्री नाही. हरला तर अर्धं जग जळणार. दुसऱ्यांदा ती अवस्था मिळाल्यावर चारही तत्त्वं एकवटून तो घाव घालायला जातो आणि कलिंगडापाशी थांबला होता तसा थांबतो.

असा थांबलेला हात महाराष्ट्रात फार जुना आहे. अजिंठ्याच्या १० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत छद्दंत हत्तीची कथा रंगवली आहे. राणीने पाठवलेला व्याध त्याला बाण मारतो. हत्ती त्याला चिरडायला जातो, त्याच्या अंगावरचं काषाय वस्त्र बघतो आणि थांबतो; मग आपले सुळे स्वतः देतो. पुढे ते सुळे बघून राणीच कोसळते. चित्रकथेत वधाऐवजी काय रंगवायचं, हा प्रश्न त्या चित्रकारांनी असा सोडवला: मारण्याच्या क्षणी थांबणं हेच सर्वात ताणलेलं चित्र करायचं आणि परिणाम दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दाखवायचा.

आंग ओझाईला जमिनीत जखडतो, एक हात कपाळावर, एक छातीवर ठेवतो. दोघांच्या अंगातून निळा आणि तांबडा प्रकाश भिडतो. तांबडा आंगला जवळजवळ गिळतो, डोळ्यापर्यंत येतो. दुसऱ्याची ऊर्जा वळवायची तर आपली वळता कामा नये, अशी त्या विद्येची अट आहे. शेवटी निळा उसळतो आणि ओझाईची अग्निविद्या कायमची जाते.

ही अहिंसा झाली का? ओझाईला कुणी विचारलं नव्हतं. बुद्धाने वळवलेल्या खुनी लुटारू अंगुलिमालाची गोष्ट शेजारी ठेवली तर फरक टोचतो. अंगुलिमाल स्वतः तलवार टाकतो, भिक्षू होतो. राजा प्रसेनजित फौज घेऊन त्याला धरायला येतो तेव्हा तो चीवर घालून शांत बसलेला सापडतो. पुढे भिक्षेला गेल्यावर लोक त्याला दगड मारतात आणि तो ते सोसतो. ओझाई बदललेला नाही. त्याचं फक्त हत्यार गेलं. द्वेष तुरुंगात तसाच शाबूत आहे. या मालिकेतला अंगुलिमाल झुको आहे, आणि त्याला बदललं ते आंगच्या कुठल्याही विद्येने नव्हे. काका आयरोहने चुकणाऱ्या पुतण्यापुढे वर्षानुवर्षं चहाचा पेला धरला. परत आल्यावर शिव्या न देता मिठी मारली. माझ्या मते मालिकेतलं सर्वात बौद्ध काम या चहावाल्या म्हाताऱ्याने केलंय. ते एका लढाईत बसत नाही म्हणून त्याला तीन पर्वं दिली.

प्रश्न मिटलाही नाही. मालिकेनंतर २०१२ साली जीन लुएन यांग यांनी लिहिलेली ‘द प्रॉमिस’ ही चित्रकादंबरी आली. तिच्या सुरुवातीलाच नवा राजा झालेला झुको आंगला एक वचन मागतो: मी कधी बापासारखा झालो, तर तू मला मारशील. आंगला ते नको असतं, तरी तो देतो. शत्रूला न मारण्यासाठी चार पूर्वजन्मांना नाही म्हणणारा पोरगा मित्राला मारण्याचं वचन देऊन बसतो. हे पुस्तक अजून आमच्या पडवीत पोचलेलं नाही. पोचलं की भांडणं होणार, आणि ह्या खेपेला पोरं कोणाच्या बाजूने असतील ते मला आधी सांगता येत नाही.